बत्तीस चित्रांतली खोडलेली मुलगी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. साष्टांग म्हणणार होतो, पण कमरेत उसण भरली आहे, तेव्हा खुर्चीत बसूनच घालतो. उरलेली अंगं भेटीत. तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. (गेला नसेल तर त्यांना म्हणावं, खिडकीतल्या वाऱ्यात पेपर वाचत बसू नका. माझं ते ऐकणार नाहीत, पण सांगितल्याचं समाधान मला.) डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे मावशीकडून कळलं. तुझ्याविषयी सगळं मला मावशीकडूनच कळतं, कारण अकरा वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस, फोन उचलला नाहीस, आणि मावशीच्या पंचाहत्तरीला आपण समोरासमोर आलो तेव्हा माझ्यामागच्या पडद्याकडे बघून हसलीस. मी नंतर तासभर तो पडदाच निरखत बसलो. इकडे सगळं क्षेम आहे. म्हणजे आमची ही क्षेम आहे. मी पंधरा दिवसांत चार किलो उतरलोय आणि माझ्याच खोलीत, भर दिवसा, दाराकडे पाठ करून बसत नाही. का, ते सांगायलाच हे पत्र. निम्म्यात फाडू नकोस.

कारण तसं जुनंच आहे: ते पुस्तक. आता त्याच्यावर चित्रपट निघतोय. तुला पाठवलेली प्रत तू पाकीटसुद्धा न फोडता परत केलीस, त्यामुळे आत काय छापलंय ते तुला कुणीतरी सांगायला हवं, तो कुणीतरी मीच. नाव 'जिन्यामागचं गाव'. पानं चौसष्ट, रंगीत चित्रं बत्तीस. एका घरात जिन्यामागे, जिथे केरसुण्या आणि रिकामे डबे ठेवतात, त्या सांदीतून वाकून गेलं की एक गाव लागतं. तिथे कायम संध्याकाळ असते. वेशीवर मापारी उभा असतो, आठ फूट उंच, गळ्यात शिंप्याची टेप, काखेत वही. आत आलेल्या मुलाचं माप घेतो आणि वहीत मांडतो. ज्याचं माप मांडलं गेलं ते मूल कायम तेवढंच राहतं. आपला नायक, वय वर्षं सहा, आत शिरतो, मापाऱ्याला अकलेच्या जोरावर बनवतो आणि मोठा व्हायला घरी परत येतो. मुलांनी डोक्यावर घेतलं पुस्तक. मला गोवर आला होता तेव्हा दुपारी आईबाबा कामावर गेले की तू उशाशी बसून अशाच धर्तीचं काहीतरी सांगायचीस, हे मी नाकारत नाही. ('अशाच धर्तीचं' वाचून तुझी डावी भुवई वर गेली असेल. जाऊ दे. पुढे वाच.) अर्पणपत्रिकेत 'माझ्या कल्पनाशक्तीस' असं आहे. ते प्रकाशकाने टाकलं असं मी सगळ्यांना सांगतो. टाकलं मीच.

तर दिग्दर्शिका. पस्तिशीची बाई, गळ्यात दोन चष्मे, आणि बोलताना पापणी म्हणून लववत नाही. तिने घरी येऊन मूळ चित्रं मागितली. मी फार भाव खाल्ला, दोनदा नाही म्हणालो, आणि तिसऱ्यांदा तिने विचारायच्या आत बाड काढून दिलं. आठवड्याने तिचा फोन आला. म्हणाली, चित्रं फार सुंदर आहेत, पण ती मुलगी कोण? मी म्हटलं, कोणती मुलगी, पुस्तकात मुलगीच नाही. ती म्हणाली, पुस्तकात नाही, चित्रांत आहे. आता माझी काम करायची पद्धत तुला माहीत आहे. आधी पेन्सिल, मग शाई, शाई वाळली की पेन्सिल खोडायची, मग रंग. आणि पेन्सिल मी दाबून चालवतो, लहानपणापासून. (बाबा म्हणायचे, चित्र काढतोस की कागद नांगरतोस.) खोडलं तरी कागदाला चर राहतो. त्या लोकांनी प्रत्येक चित्रावर एका बाजूने तिरपा उजेड टाकून फोटो काढले, आणि त्या उजेडात चर वर आले. बत्तीसच्या बत्तीस चित्रांत, त्या मुलाच्या शेजारी, एक मुलगी. नऊएक वर्षांची, दोन वेण्या, एक हात फ्रॉकच्या खिशात. मला तर तिला काढल्याचं आठवतसुद्धा नव्हतं.

इथे मी जे केलं ते फक्त मीच करू जाणे. 'ठाऊक नाही' असं साध्या तोंडाने म्हणायचं, तर मी खाकरलो आणि म्हणालो, ती सुप्त व्यक्तिरेखा आहे. मुद्दाम पेरलेली. ज्यांना बघता येतं त्यांच्यासाठी. मला वाटलं, थाप पचली. पचली तर पचली, ती इतकी पचली की त्या बाईने लिहून तयार असलेली पटकथा बाजूला ठेवली आणि अख्खा चित्रपट नव्याने त्या मुलीभोवती उभा केला. तो मुलगा, मापारी, गावातले सगळे लोक बाहुले असतील, काठ्यांनी आणि दोऱ्यांनी चालवलेले. जिवंत माणूस एकच, ती. मग रोज फोन. तिचं नाव काय, ती बोलत का नाही, मुलगा घरी येतो तेव्हा ती कुठे असते. मी सोमवारी सांगायचो ती मुलाची सावली आहे, बुधवारी सांगायचो ती त्याची भीती आहे, शुक्रवारी सांगायचो ते प्रेक्षकाने ठरवायचं असतं. ती सगळं लिहून घ्यायची आणि शेवटी तेच विचारायची, पण ती घरी का येत नाही?

मग मी घरातली छापील प्रत काढून बसलो, आणि ताई, तेव्हापासून माझा घास गोड लागत नाही. अकरा वर्षांत मी ती चित्रं हजारदा पाहिली असतील. प्रत्येक पानावर मुलाच्या डाव्या हाताला एक माणूसभर जागा रिकामी आहे. (एका समीक्षकाने तिला 'रिकामेपणाचं धाडस' म्हटलं होतं. मला त्याबद्दल स्मृतिचिन्ह मिळालंय, फ्रिजवर ठेवलंय.) मुलगा प्रत्येक चित्रात किंचित डावीकडे बघतोय. समोर मापारी उभा ठाकलाय, आठ फुटांचा, आणि हा बघतोय डावीकडे. आणि त्याचा डावा हात अंगापासून जरा लांब आहे, बोटं वळलेली. दुसऱ्या एका समीक्षकाने त्यावर 'हात काढण्यात चित्रकार कच्चा' असं लिहिलं होतं आणि मी महिनाभर त्याच्या नावाने खडे फोडले होते. हात चांगला होता. फक्त त्या हातात जे होतं ते मी खोडलं होतं, आणि हात बदलायचा राहून गेला होता. मुलांची जुनी पत्रं काढून वाचली. शूर आहे, हुशार आहे, वगैरे वगैरे. पण मधेच एकीने विचारलं होतं, त्याच्या शेजारचं कोण उठून गेलं? मी तिला स्वाक्षरी पाठवली होती.

मागच्या मंगळवारी बाईने सेट बघायला बोलावलं. गावाबाहेर एक जुनं गोदाम आहे, बाहेर टळटळीत ऊन, आणि दार ओढून आत गेलं की संध्याकाळ. तीच संध्याकाळ, माझ्या पुस्तकातली, जांभळी. दोन पावलांवर मुख्य सुतार उभा, साठीचा, कानावर पेन्सिल, आणि माझ्यावर तीन आठवड्यांचा राग. दिग्दर्शिकेचा हुकूम होता की चित्रात आहे तस्संच बांधायचं, एक रेघ सुधारायची नाही. आता तुला माहीत आहे, मला सरळ दार कधी काढता आलं नाही. पान अकरावरचं दार खाली अडीच फूट आहे आणि वर साडेतीन. त्याने तसं बांधलं, ते मिटत नाही. खिडकी उजवीकडे आणि सावलीही उजवीकडेच, म्हणून दिवेवाल्यांनी कुठेतरी मागे दिवा लपवून तशी सावली पाडली आहे. जिना पान तीनवर नऊ पायऱ्यांचा आहे आणि पान सातवर बारा. मी म्हटलं, मग काय केलंत? सुताराने हाताने दाखवलं, चढून बघा. मी चढलो, नऊ भरल्या. उतरलो, बारा. पुन्हा चढून उतरलो. कसं केलंय ते तो सांगायला तयार नाही, आणि खरं सांगतो, मलाही ऐकायचं नव्हतं.

पण दार आणि पायऱ्या परवडल्या. तो जिना आपला होता, ताई. कठड्याला तुझ्या दातांची खूण होती, तू पडलीस तेव्हाची. मी ती काढली असणार, पेन्सिलीत, आणि खोडली असणार; त्यांनी तीसुद्धा बांधली. जे जे खोडलं ते ते तिथे लाकडात उभं होतं. दिग्दर्शिका कुणाच्या तरी हाकेला गेली, बाकीचे जेवायला गेले, आणि मी त्या सांदीपाशी एकटा उरलो. वर आढ्याला मापारी टांगलेला, डोक्यावर कापडी पिशवी, हात खाली लोंबलेले. मी स्वतःला म्हटलं, बाबा रे, हा तूच काढलास, वांग्यासारखं नाक तूच दिलंस, याला काय घाबरायचं. आणि पाठ वळवली. वळवली मात्र, खांद्यावर काहीतरी गार टेकलं आणि पाठीवरून सरळ खाली टाचेपर्यंत गेलं. टेप. ताई, माझी बोबडी वळली. मी चौपन्न वर्षांचा माणूस, 'मी मोठा झालोय, मी मोठा झालोय' असं ओरडलो म्हणे. मागे सुतार उभा होता. म्हणाला, "काही नाही, म्हटलं बघावं, माणूस तरी सरळ आहे का." आणि कानावरची पेन्सिल काढून माझं माप वहीत लिहिलं. मी त्याला हात जोडून म्हटलं, तेवढं खोडा. तो म्हणाला, मी काही खोडत नाही, ती सवय तुमची. (पाऊण इंच डावीकडे झुकलोय, हेही त्याने सांगितलं.)

मग ती मुलगी आली. दोनशे मुलींतून निवडलेली, माझ्या चरांवरून. दोन वेण्या, एक हात खिशात. जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून सफरचंद खात होती, आणि चावताना डावी भुवई वर जात होती. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं, मी नंतर विचारून घेतलं. शेजारी मुलाचा बाहुला उभा केला होता, डावा हात जरा लांब, बोटं वळलेली. तिने सफरचंद संपवलं, हात फ्रॉकला पुसला आणि काही विचार न करता त्याच्या बोटांत घातला. बसला, ताई. जरासुद्धा इकडे नाही की तिकडे नाही. तिला दिग्दर्शिकेने सांगून ठेवलं होतं की हे चित्रकारकाका, काही विचारायचं असेल तर विचार. तिने माझ्याकडे बघितलं आणि अगदी साध्या आवाजात, जेवायला कधी मिळेल असं विचारावं तसं विचारलं, "तुम्ही मला का खोडलं?"

मी म्हटलं, जागा नव्हती गं. ती बाजूच्या भिंतीवर लावलेल्या चित्राकडे वळली, त्या समीक्षकाच्या लाडक्या रिकामेपणाकडे. "एवढी तर आहे," म्हणाली. मी कमरेत उसण भरल्याचं सांगितलं (तेव्हा भरलेली नव्हती, घरी येताना भरली) आणि बाहेर उन्हात येऊन उभा राहिलो. मला रडू आलं. चक्क हुंदके देऊन. रिक्षावाल्याने विचारलं, कोण गेलं का. मी हो म्हटलं, तर बिचारा सावकाश चालवत घरी घेऊन आला.

तर असा सगळा गोंधळ. बाकी ठीक. चित्रपट बरा होईल असं वाटतं. तुझ्या गुडघ्याला जप, आणि भाऊजींना नमस्कार सांग. रागात असतील तर दुसऱ्या दिवशी सांग. ही तुला नमस्कार सांगते आहे, आणि पत्र इथेच संपवू नका असंही सांगते आहे.

तुझा (पाऊण इंच झुकलेला) धाकटा

ता. क. — सोबत एक कागद आहे. तो बघूनच तुला कळलं असेल की एवढी पानं उसण आणि खोकल्यासाठी खर्ची पडलेली नाहीत. चित्रपटाच्या सुरुवातीला 'कथा' अशी एक पाटी येते. तिथे माझं नाव होतं. मी परवा जाऊन ते काढायला लावलं आणि तुझं घालायला सांगितलं. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतही तसंच होईल, आणि ती अर्पणपत्रिका जाईल. त्यासाठी तुझी सही लागते. शिवाय दिग्दर्शिकेला तुझ्याकडूनच ऐकायचंय की ती मुलगी घरी का येत नाही. मी सांगितलं तिला, पण ती म्हणाली, तुम्ही फार गोल गोल बोलता, ज्यांची गोष्ट आहे त्यांनाच बोलू द्या.

ता. क. २ — वर मी लिहिलंय की तिला काढल्याचं आठवत नव्हतं. ते खोटं आहे. ही पत्र वाचून म्हणाली, अकरा वर्षांनी लिहिताय आणि पुन्हा तेच? मला सगळं आठवतंय. तुझ्या गोष्टीत दोघं आत जातात, भाऊ आणि बहीण. मापारी म्हणतो, एक माप मला हवंच, त्याशिवाय दार उघडत नाही. तेव्हा बहीण खांबाला टेकून ताठ उभी राहते, म्हणते माझं घे, आणि भावाला म्हणते तू पळ, मागे बघू नकोस. तो पळतो. मी प्रत्येक चित्रात आधी तुला काढायचो, कारण त्याशिवाय तो मुलगा तिथे उभाच राहत नव्हता. आणि शाई मात्र एकट्यावर चढवायचो. मला वाटायचं, दोघं असली तर लोक विचारतील, गोष्ट कुणाची. ज्या वर्षी मला चित्रकलेच्या शाळेत घातलं त्या वर्षी तू टेलिफोन ऑफिसात लागलीस, आणि तुझी रेघ माझ्यापेक्षा चांगली होती हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तुझं माप तेव्हाच मांडलं गेलं. मी मागे बघितलं नाही. चुकलो, ताई.

ता. क. ३ — हे शेवटचं, आणि खरं तर एवढंच विचारायला बसलो होतो. मी तुला एकतीस चित्रांत काढलं. बत्तिसाव्यात नाही. त्यात मुलगा घरी पोचलेला असतो, बहीण मागे राहिलेली, तिथे तुला काढायचं काही कारणच नव्हतं. मला पक्कं आठवतंय. तरी त्यांच्या फोटोत ती तिथेही आहे. बाकी सगळ्या चित्रांत ती मुलाकडे बघते, इथे सरळ बाहेर बघते आहे, बघणाऱ्याकडे. आणि तिथे चर नाही. हलकी, एका दमात ओढलेली रेघ आहे, माझ्या जांभळ्या रंगाखालून पुसट दिसणारी. मी रंग फासला तेव्हा पाहिलंच नाही खाली काय आहे. आत्ता हिला विचारलं. ही म्हणते, तू शेवटची आमच्याकडे आलीस तेव्हा मी शाई आणायला बाहेर गेलो होतो, चित्रं पलंगावर वाळत होती, आणि तू त्या खोलीत पंधरा मिनिटं एकटी होतीस. मग चहा न घेताच निघून गेलीस. ताई, ती तू काढलीस ना? सही नको करूस, चित्रपटाला नको येऊस, पुढची अकरा वर्षं पडद्याकडे बघून हस. फक्त एका कार्डावर 'हो' एवढं लिहून टाक. आणि तू काढली नसशील, तरी हो म्हण.